मतपेटी उघडावी केव्हा?

हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे एक गाव आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे सरपंचपदासाठी मतदान झाले आणि एका उमेदवाराला विजयी घोषित करण्यात आले. पराभूत उमेदवाराची तक्रार साधी होती. एका मतदान केंद्रावर त्याच्या नावापुढे लिहावयाचा आकडा प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे आणि प्रतिस्पर्ध्याचा त्याच्या नावापुढे लिहिला गेला, असे त्याचे म्हणणे होते. एप्रिल २०२५ मध्ये तेथील निवडणूक न्यायाधिकरणाने त्या एका केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने वकिलांचे युक्तिवाद लांबवत बसण्याऐवजी सगळी मतदान यंत्रेच दिल्लीला मागवली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाच्या निबंधकांपुढे सहा केंद्रांची मते पुन्हा मोजण्यात आली. एकूण मते ३,७६७ निघाली. पराभूत म्हणून घरी बसलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि पावणेतीन वर्षे सरपंचाच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना १,००० मते मिळाल्याचे दिसून आले.

एका खेड्याच्या सरपंचपदासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मते मोजावी लागावीत, याचे वृत्तपत्रांना कौतुक वाटले. कौतुक वाटण्यासारखे त्यात आहेही. पण या घटनेतून जो प्रश्न उभा राहतो तो कौतुकाने सुटणारा नाही. आकडेबेरीज चुकली असा आरोप असेल तर बेरीज पुन्हा करून पाहावी, हे प्राथमिक शाळेतील मुलालाही सुचते. ही बेरीज पुन्हा करून पाहण्यास आपल्या न्यायव्यवस्थेला एवढा संकोच का वाटतो?

हा संकोच निव्वळ आळसातून आलेला नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. त्यामागे एक विचार आहे आणि तो पुरातन नसला तरी जुना आहे. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने निवडणुकीचा वाद निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने उपस्थित करण्यास मनाई केली आहे. १९५२ साली, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीतच, पोन्नुस्वामी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला: निवडणुकीचा गाडा एकदा सुरू झाला की निकाल लागेपर्यंत न्यायालयाने मध्ये हात घालावयाचा नाही, तक्रार असेल त्याने नंतर यावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने हे 'नंतर' आखून दिले. निकालापासून ४५ दिवसांच्या आत याचिका दाखल करावयाची. १९६६ पूर्वी हे काम खास न्यायाधिकरणांकडे असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते उच्च न्यायालयांकडे आले.

इंग्लंडमध्ये हाच प्रवास शंभर वर्षे आधी झाला होता. वादग्रस्त निवडणुकांचा निकाल तेथे पार्लमेंटच्या समित्या देत आणि त्यात बहुमताच्या पक्षाचे माप कोणत्या बाजूला झुकत असेल, हे सांगावयास नको. १७७० च्या कायद्याने समित्यांची रचना सुधारून पाहिली. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा १८६८ साली हे काम न्यायाधीशांकडे सोपविण्यात आले. जिंकलेल्यांनीच आपल्या विजयाची शहानिशा करू नये, एवढे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आपण ते तयार घेतले, हे आपले भाग्य.

फेरमतमोजणीविषयीचा आपला कायदा मात्र आपला आपणच घडविला आहे. मोजणी संपल्यावर, निकालपत्रावर सही होण्यापूर्वी, उमेदवार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून फेरमोजणी मागू शकतो. अधिकाऱ्याने कारणे नमूद करून ती मागणी मान्य किंवा अमान्य करावयाची असते. एकदा सही झाली की त्याचा अधिकार संपतो आणि उमेदवाराला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेथे त्याची गाठ १९६४ सालच्या राम सेवक यादव प्रकरणातील निकालाशी पडते. मतपेट्या उघडण्याचा आदेश मागणी केली म्हणून मिळत नाही. कोणत्या केंद्रावर, कोणती, किती मते चुकीने मोजली गेली याची ठोस तथ्ये याचिकेत असली पाहिजेत आणि न्याय करण्यासाठी पेट्या उघडणे आवश्यक आहे अशी न्यायालयाची सकृद्दर्शनी खात्री पटली पाहिजे, असे या निकालाने ठरवून दिले. पुढे १९७५ साली भाभी विरुद्ध शिव गोविंद या प्रकरणात याच कसोट्या अधिक काटेकोर करण्यात आल्या. पेट्या उघडून त्यात काही सापडते का ते पाहू, असे म्हणणाऱ्याला न्यायालयाने दार बंद केले.

या कसोट्यांचे समर्थन दोन कारणांनी केले जाते. एक, मताची गुप्तता. दोन, निकालाची अंतिमता. पहिले कारण कागदी मतपत्रिकेच्या काळात खरोखरच वजनदार होते. मतपत्रिकेवर अनुक्रमांक असे, तिच्या अर्धुकावर मतदाराची सही वा अंगठा असे. दोन्ही एकत्र आणले तर कोणी कोणाला मत दिले ते शोधून काढता येत असे. ज्या समाजात जमीनदार, सावकार आणि कारखानदार मतदारावर डोळा ठेवून असतात तेथे ही भीती काल्पनिक नव्हती. पण आज मतदार यंत्राचे बटण दाबतो आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीत जी चिठ्ठी पडते तिच्यावर मतदाराचे नाव नसते, क्रमांक नसतो, काहीच नसते. अशा दहा हजार चिठ्ठ्या भर चौकात मोजल्या तरी कोणाची गुप्तता भंग होणार? १९६४ च्या निकालाचा निम्मा पाया असा काळाच्या ओघात वाहून गेला आहे. इमारत मात्र तशीच उभी आहे.

दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. निवडणुकीचा निकाल कोठे तरी थांबला पाहिजे. प्रत्येक पराभूताला मोजणीवर मोजणी मागता आली तर विधिमंडळ भरणार केव्हा आणि शासन चालणार कसे? हे खरे आहे. परंतु अंतिमतेचे हे मूल्य सर्व निकालांत सारखे नसते. जेथे विजयाचे मताधिक्य एक लाखाचे आहे तेथे फेरमोजणीने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य, म्हणून तिच्यावरचा खर्च वाया. जेथे मताधिक्य ५० चे आहे तेथे मोजणीतील नेहमीच्या मानवी चुकाही निकाल फिरवण्यास पुरेशा असतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे लगेच विचारील की, ज्या तपासाचा सीमान्त लाभ एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी प्रचंड आहे, त्याला दोन्ही ठिकाणी एकच किंमत का आकारावी? आपला कायदा ती आकारतो. लाखाचा फरक असो की ५० चा, याचिकाकर्त्याने दाखवावयाच्या पुराव्याचे माप तेच राहते. फरक कमी असणे हे एकटे कारण फेरमोजणीस पुरेसे नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

मुंबईकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. दोघांनाही साडेचार लाखांहून अधिक मते होती. मतदारसंघाच्या आकाराशी ताडून पाहता ४८ ही संख्या म्हणजे एखाद्या चाळीतील दोन मजल्यांची माणसे. कीर्तिकर यांनी मोजणीतील अनियमितता आणि तोतया मतदान यांवर बोट ठेवून याचिका केली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती आवश्यक तथ्यांच्या अभावी, पुराव्याच्या टप्प्यावर जाण्यापूर्वीच फेटाळली. प्रस्थापित निकालांच्या चौकटीत न्यायालयाने दुसरे काही करावयास हवे होते असे म्हणता येणार नाही. चौकटीबद्दलच बोलावयास हवे. चूक कोठे झाली ते सांगा म्हणजे पेटी उघडू, असे न्यायालय म्हणते. पेटी उघडा म्हणजे चूक कोठे झाली ते सांगतो, असे याचिकाकर्ता म्हणतो. आधी लगीन कोंढाण्याचे की रायबाचे, हा वाद तानाजीने एका वाक्यात मिटविला होता. येथे तो साठ वर्षे चालू आहे.

तथ्ये मिळविण्याची साधने तरी उमेदवाराच्या हाती भरपूर असतील, तर या अटीची धार कमी झाली असती. घडते आहे ते उलट. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतील ९३ व्या नियमात दुरुस्ती करून, ज्या कागदपत्रांचा नियमांत स्पष्ट उल्लेख आहे तेवढीच जनतेच्या पाहणीसाठी खुली राहतील असे ठरविण्यात आले. चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक पुरावे त्यामुळे बाहेर पडले. एका हाताने पुरावा मागावयाचा आणि दुसऱ्या हाताने पुराव्याचे कपाट बंद करावयाचे, हे न्यायाला धरून नाही.

न्यायालये पेटी उघडतात तेव्हा काय निघते, हाही इतिहास मनोरंजक आहे. १९७१ च्या निवडणुकीनंतर दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले बलराज मधोक यांनी असा आरोप केला होता की, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया करण्यात आली होती. मतदाराने उमटविलेला शिक्का काही वेळाने अदृश्य होई आणि आधीच उमटविलेला दुसरा प्रकट होई. आज यंत्रांविषयी जे बोलले जाते त्याचा हा कागदी पूर्वज. सर्वोच्च न्यायालयाने हा आरोप हसण्यावारी नेला नाही. काही मतपत्रिका नमुन्यादाखल काढून तपासण्यास न्यायालयाने १९७२ मध्ये परवानगी दिली. आरोप सिद्ध झाला नाही आणि अदृश्य शाईची कुजबुज हळूहळू विरून गेली. संशयाला तपासणीइतके जालीम औषध नाही. ज्या आरोपाची तपासणी नाकारली जाते तो मात्र पिढ्यान्पिढ्या चावडीवर जिवंत राहतो.

याउलट केरळातील परवूरची गोष्ट. १९८२ साली तेथील ५० केंद्रांवर देशात प्रथमच मतदान यंत्रे वापरण्यात आली. विजयाचे अंतर होते १२३ मतांचे. यंत्र चुकले, असे कोणी सिद्ध केले नाही. पण कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवरील मतदान रद्द केले. मतपत्रिकांनी पुन्हा मतदान झाले आणि निकाल फिरला. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून यंत्रांना जागा करून दिली ती त्यानंतर. कायदा आधी आणि सोय नंतर, हा क्रम त्या निकालाने शासनाला शिकविला.

इंग्लंडमधील विंचेस्टरची घटना तर कादंबरीत शोभावी अशी आहे. १९९७ साली तेथे लिबरल डेमोक्रॅट उमेदवार मार्क ओटन दोन मतांनी विजयी झाले. ५५ मतपत्रिकांवर केंद्रातील कर्मचाऱ्याने अधिकृत छाप मारलेला नव्हता म्हणून त्या बाद ठरल्या होत्या आणि त्या मोजल्या असत्या तर निकाल उलटा लागला असता. न्यायालयाने त्याच वर्षी निवडणूक रद्द करून फेरमतदान घडवून आणले. नोव्हेंबरात ओटन पुन्हा निवडून आले, ते २१,५५६ मतांनी! न्यायालयात गेलेल्या पक्षाला मतदारांनी अशी शिक्षा केली. ती योग्य होती का, याविषयी मतभेद होऊ शकतील. मे महिन्यातील वाद नोव्हेंबरात मतदारांपुढे परत आला, ही गोष्ट मात्र हेवा वाटण्यासारखी आहे.

आपल्याकडे काय घडते ते ढोलक्याच्या उदाहरणावरून दिसते. गुजरात विधानसभेच्या २०१७ च्या निवडणुकीत भूपेंद्रसिंह चुडासमा तेथून ३२७ मतांनी विजयी झाले; पुढे ते राज्याचे कायदामंत्रीही होते. त्या मोजणीत ४२९ टपाली मते बाद करण्यात आली होती. म्हणजे बाद मते विजयाच्या अंतरापेक्षा जास्त. ही मते बेकायदेशीरपणे बाद केली गेली, असा निष्कर्ष काढून गुजरात उच्च न्यायालयाने १२ मे २०२० रोजी निवडणूक रद्द केली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात पुढची निवडणूकही झाली. विलेपार्ल्याची कथा याहून जुनी आहे. डिसेंबर १९८७ मधील पोटनिवडणुकीत विजयी झालेले डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ च्या एप्रिलमध्ये रद्द केली. तो वाद मोजणीचा नव्हता, धर्माच्या नावाने मते मागितल्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द आला तो ११ डिसेंबर १९९५ रोजी. दरम्यान १९९० आणि १९९५ अशा दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि ज्या सभागृहातील जागेचा हा वाद होता ते सभागृह केव्हाच विसर्जित झाले होते. निकालपत्र विधी महाविद्यालयांत अजून शिकविले जाते. पण पार्ल्याच्या मतदाराला त्या जागेपुरता त्याचा उपयोग काय झाला?

वास्तविक उच्च न्यायालयाने याचिका सहा महिन्यांत आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. 'प्रयत्न करावा' या दोन शब्दांनी सगळा घात केला आहे. आमदारकी ही नाशवंत वस्तू आहे. दूध किंवा भाजी यांच्याप्रमाणे तिचे मूल्य रोज घटते आणि पाच वर्षांनी शून्य होते. अशा वस्तूवरील तंटा जमिनीच्या दाव्याच्या गतीने चालविणे म्हणजे ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने निकाल देण्यासारखेच आहे. याचिकेसोबत खर्चाची हमी म्हणून दोन हजार रुपये भरावे लागतात. ही रक्कम क्षुल्लक आहे. खरी किंमत वर्षांची आहे आणि ती फक्त एकाच पक्षाला मोजावी लागते.

अर्थात घाईचेही दुष्परिणाम असतात आणि त्याचा पाठ अमेरिकेने २००० साली घालून दिला. फ्लोरिडात सुमारे ६० लाख मते पडली होती आणि सगळ्या देशाचे अध्यक्षपद त्या एका राज्यावर अडले होते. कार्डाला भोक पाडून मत द्यावयाचे. भोक अर्धवट पडले तर ते मत मानावयाचे की नाही, यावर अधिकारी भिंगे घेऊन बसले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हाताने मोजणी करण्याचा आदेश दिला, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगित केला आणि १२ डिसेंबर रोजी, मोजणीचे सारखे निकष नाहीत आणि आता वेळही उरला नाही, असे सांगून पाच विरुद्ध चार मतांनी ती कायमची थांबविली. बुश ५३७ मतांनी जिंकले. घड्याळाने निकाल दिला, अशी टीका तेव्हा झाली आणि ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. मात्र त्याच फ्लोरिडाच्या कायद्यात एक गोष्ट घेण्यासारखी होती. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर यंत्राने फेरमोजणी आपोआप होत असे. पराभूताला हात जोडावे लागत नसत, विजयी उमेदवाराला अपमान वाटण्याचे कारण नसे.

केनियाने दुसरे टोक गाठले आहे. तेथील घटनेनुसार अध्यक्षीय निवडणुकीविरुद्धची याचिका सात दिवसांत दाखल आणि पुढच्या चौदा दिवसांत निकाली झालीच पाहिजे. २०१७ च्या १ सप्टेंबरला तेथील सर्वोच्च न्यायालयाने पदारूढ अध्यक्षांचा विजय रद्द केला, तो याच मुदतीत. फेरनिवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला हा त्या देशाच्या राजकारणाचा भाग झाला. न्यायालयाने आपले काम तीन आठवड्यांत केले.

आपल्या न्यायालयांनाही मनात आणले तर हे जमते, याचे प्रत्यंतर चंडीगडमध्ये आले. ३० जानेवारी २०२४ रोजी महापौरपदाच्या निवडणुकीत ३६ पैकी आठ मते बाद करून पीठासीन अधिकाऱ्याने १६ मते मिळालेल्या उमेदवाराला विजयी घोषित केले. १२ मते मोजली गेलेल्या दुसऱ्या उमेदवाराची ही आठही मते होती. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका समोर मागविल्या, न्यायमूर्तींनी त्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि मतपत्रिकांवर खुणा अधिकाऱ्यानेच केल्याचे त्याच्याच कबुलीतून पुढे आले. २० फेब्रुवारीस २० विरुद्ध १६ असा खरा निकाल न्यायालयाने स्वतः जाहीर केला. एकवीस दिवस. चित्रीकरण उपलब्ध होते म्हणून हे शक्य झाले, ही गोष्ट ९३ व्या नियमाची दुरुस्ती करणाऱ्यांनी ध्यानी घेतली असती तर बरे झाले असते.

सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या ताडून पाहण्याची २०१९ पासूनची पद्धत कायम राहिली; शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी स्वखर्चाने मागण्याची मुभा मिळाली. यंत्रव्यवस्थेत व्यापक बिघाड नाही, एवढे दाखविण्यास नमुना पुरतो. शितावरून भाताची परीक्षा होते. पण भात शिजला आहे की नाही, एवढीच ती परीक्षा. पातेल्यात शिते किती आहेत हे एका शितावरून कळत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि साकोलीचा २०८ मतांनी लागला. अशा ठिकाणी पाच केंद्रांचा नमुना काय सांगणार? तपासणीचा आकारही सुरुवातीला प्रति संच चाळीस हजार रुपये अधिक कर असा ठेवण्यात आला होता. तो जास्त असल्याचे खुद्द सर्वोच्च न्यायालयालाच २०२५ मध्ये म्हणावे लागले.

तेव्हा करावयाचे ते असे. मताधिक्य एका ठरावीक प्रमाणाहून, उदाहरणार्थ एकूण वैध मतांच्या पाव टक्क्याहून, कमी असेल तेथे सर्व केंद्रांचे आकडे आणि सर्व चिठ्ठ्या यांची फेरमोजणी निकालपत्रावर सही होण्यापूर्वीच, कोणी न मागता, शासनाच्या खर्चाने झाली पाहिजे. बाद टपाली मते विजयाच्या अंतराहून अधिक असतील तर ती पुन्हा तपासावीत, हे तत्त्व निवडणूक आयोगाने आपल्या सूचनांत स्वीकारलेच आहे. त्याला कायद्याचे बळ द्यावे आणि यंत्रातील मतांनाही ते लावावे. असे मतदारसंघ प्रत्येक निवडणुकीत मोजकेच निघतील. बाकीच्या ठिकाणी १९६४ च्या कसोट्या खुशाल चालू राहोत. आणि याचिकांसाठी सहा महिन्यांची मुदत खरोखरच पाळावयाची असेल, तर निवडणुकीनंतरच्या वर्षात प्रत्येक उच्च न्यायालयात एक-दोन न्यायमूर्ती केवळ या कामासाठी मोकळे ठेवावे लागतील.

यावर आक्षेप येईल तो वेळेचा. एका मतदारसंघातील सर्व चिठ्ठ्या मोजण्यास आणखी एक दिवस लागेल, कदाचित दोन. बुआना लाखूची सहा केंद्रे ६ ऑगस्ट रोजी एका दिवसात मोजून झाली. त्या दिवसापर्यंत पोहोचण्यास तेहतीस महिने लागले होते, आणि ज्या पदासाठी हे सारे चालले होते त्याची मुदत साठ महिन्यांची होती.